अमेरिकेची फाइल अडते ती आपल्याच दप्तरात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

'आई-वडिलांचे ग्रीन कार्ड, शंभर टक्के खात्री' अशा मजकुराचे फलक आणि पत्रके आपल्या सांगली-साताऱ्याकडे आता नवी राहिलेली नाहीत. खात्री नेमकी कशाची, ते मात्र कुणी लिहीत नाही. ग्रीन कार्डाची, म्हणजे अमेरिकेत कायम राहण्याच्या परवान्याची, ही फाइल जिथे अडते ती जागा एजंटाच्या हातात नसते, आणि बहुतेक वेळा ती अमेरिकेतही नसते. ती ग्रामपंचायतीच्या कपाटात असते, शाळेच्या जनरल रजिस्टरात असते, नाहीतर लग्नात बदललेल्या नावात असते. त्याबद्दल मराठीत फारसे लिहिले जात नाही, म्हणून हे लांबलचक पत्र.

आधी कायद्याचा सांगाडा. आई-वडिलांसाठी अर्ज करणारा मुलगा किंवा मुलगी अमेरिकेची नागरिक हवी आणि वयाची २१ वर्षे पूर्ण हवीत. नुसते ग्रीन कार्ड असलेल्याला आई-वडिलांसाठी अर्ज करता येत नाही. नागरिकाच्या आई-वडिलांना वार्षिक कोटा नाही, म्हणून रांगही नाही. भावा-बहिणींचे तसे नाही. त्यांच्या वर्गात २०२५ मध्ये भारतीयांसाठी २००६ सालच्या अर्जांचा नंबर लागत होता. त्यामुळे 'दादाने अर्ज टाकलाय, दोन-तीन वर्षांत होईल' असे कुणी म्हणाले तर त्याला तारखांचा तक्ता दाखवावा. अमेरिकेचे परराष्ट्र खाते तो दर महिन्याला छापते.

पहिली चूक इथेच होते. आई आणि वडील यांचे अर्ज वेगवेगळे लागतात. आय-१३० नावाचा फॉर्म दोघांसाठी दोन वेळा भरायचा. वडिलांच्या अर्जात आई 'सोबत' जात नाही, आणि घरातला धाकटा अविवाहित भाऊ तर मुळीच जात नाही. अनेक घरांत हे समजते तेव्हा वडिलांचा अर्ज मंजूर झालेला असतो आणि आईचा भरलेलाच नसतो.

दुसरी गोष्ट वकील लोक पहिल्या भेटीत सांगतात आणि घरच्यांना ती पटत नाही. या फाइलीतला सर्वांत महत्त्वाचा कागद आई-वडिलांचा नसून अर्ज करणाऱ्या मुलाचा जन्मदाखला आहे. नाते सिद्ध करायचे आहे, आणि ते त्याच कागदावर दिसते. आईसाठी त्या दाखल्यावर आईचे नाव हवे. वडिलांसाठी वडिलांचे नाव हवे, शिवाय आई-वडिलांच्या विवाहाचा दाखलाही हवा. आता १९८० च्या सुमाराचे आपल्याकडचे जन्मदाखले काढून पाहा. बाळाच्या नावाचा रकाना कोरा असतो, कारण नोंद बारशाच्या आधी झालेली. आईचे नाव 'सौ. लता' एवढेच, नाहीतर माहेरचे. कारण बाळंतपण माहेरी झालेले आणि नोंद मामाने दिलेली.

कोऱ्या रकान्यात नाव भरून घेता येते. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ खालच्या नियमांत त्यासाठी पंधरा वर्षांची मुदत आहे आणि शासनाने ती वेळोवेळी वाढवलेली आहे. वाढीव मुदत सध्या चालू आहे का, हे निबंधकाकडे आधी विचारावे. मुदत चालू नसेल तर नाव नसलेला दाखला जसाच्या तसा द्यावा आणि सोबत पहिलीच्या प्रवेशाचा उतारा, शाळा सोडल्याचा दाखला, दहावीचे प्रमाणपत्र असे जुने कागद जोडावेत. कोऱ्या रकान्यात कुणाकडून तरी निळ्या शाईने नाव लिहून आणण्याचा उद्योग करू नये. त्याची किंमत पुढे सांगतो.

आई-वडिलांच्या स्वतःच्या जन्मदाखल्याचा प्रश्न नंतर, मुलाचा अर्ज मंजूर झाल्यावर, व्हिसाच्या टप्प्यावर येतो. इथे १ एप्रिल १९७० ही तारीख लक्षात ठेवावी. नोंदणीचा कायदा त्या दिवसापासून लागू झाला. त्याआधी जन्मलेल्यांची नोंद नसेल तर अमेरिकेचे परराष्ट्र खाते भारतीयांकडून दुय्यम पुरावा स्वीकारते. मात्र त्यासाठी 'नोंद आढळत नाही' असा अनुपलब्धता दाखला हवा, आणि तो जन्माच्या ठिकाणच्या निबंधकाचाच. तो कसा असावा याकडे कुणी लक्ष देत नाही. व्यक्तीचे नाव, आई-वडिलांची नावे, जन्मतारीख, जन्मगाव, आणि अमुक साल ते तमुक साल अशी रजिस्टरे तपासली पण नोंद मिळाली नाही, हे सगळे त्यावर हवे. 'सबब दाखला देता येत नाही' एवढ्या एका ओळीच्या पत्राने काम भागत नाही.

हल्लीचा मोह म्हणजे सत्तर वर्षांपूर्वीच्या जन्माची आज उशिराने नोंद करून कोरा करकरीत दाखला काढायचा. कायद्याने वाट आहे. जन्माला एक वर्ष उलटून गेले असेल तर नोंदीसाठी दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो आणि २०२३ च्या दुरुस्तीनंतर हे अधिकार जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा जिल्हा दंडाधिकाऱ्याने अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे आले आहेत. पण जन्म १९५३ चा आणि नोंदणीची तारीख गेल्या वर्षीची असा दाखला पाहिला की मुलाखत घेणारा अधिकारी पहिला प्रश्न विचारतो, हा कशाच्या आधारावर निघाला? म्हणजे जुना कागद द्यावा लागतोच. अशा वेळी माझ्या मते 'नोंद आढळत नाही' हा सरळ दाखला आणि त्यामागे शाळेचा जुना उतारा, ही जोडी जास्त भक्कम. तहसीलच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुक किंवा जन्म-मृत्यूचा जुना गाव नमुना १४ सापडला, तर त्याच्यासारखे दुसरे काही नाही. जातीच्या दाखल्यासाठी लोक ते शोधतात, याच्यासाठीही शोधावे. मोडीत असेल तर आधी देवनागरी लिप्यंतर आणि मग इंग्रजी भाषांतर, असे दोन्ही जोडावे.

दुय्यम पुराव्यात शेवटी येतात प्रतिज्ञापत्रे. दोन लागतात, आणि करणाऱ्याला जन्माची प्रत्यक्ष माहिती असायला हवी. म्हणजे तो वयाने मोठा हवा. १९५३ च्या जन्माबद्दल १९६० साली जन्मलेल्या भावकीतल्या माणसाने 'मला स्वतःला माहीत आहे' असे लिहून दिले तर ते कागदाचे वजन वाढवत नाही, संशय वाढवते. दुसरा नेहमीचा दोष असा की टायपिस्टने एकाच मजकुरात फक्त नाव बदललेले असते. जन्म कुठे झाला, तेव्हा लिहून देणारा कुठे राहत होता, त्याला कसे कळले, हे प्रत्येकाने आपल्या शब्दांत सांगावे. एवढे करूनही नाते धूसर राहिले तर डीएनए चाचणी सुचवली जाते. ती अमेरिकेला मान्य असलेल्या प्रयोगशाळेमार्फतच करावी लागते, आणि नमुना ठरलेल्या पद्धतीने घेतला जातो. आपल्या गावच्या लॅबमधून आधीच करून नेलेला रिपोर्ट बाजूला ठेवतात.

आता आपल्या भागाच्या खास अडचणी. पहिली, १ जून. शाळेत नाव घालताना गुरुजींनी ज्यांना ज्यांना १ जूनचे केले, त्यांची दुसरी खरी तारीख कुठेतरी नोंदलेली असते. पासपोर्टवर एक आणि गावच्या नोंदीत दुसरी तारीख असेल तर आय-१३० भरण्याआधी कुठली धरायची ते ठरवावे, पासपोर्ट दुरुस्त करायचा असेल तर आधी करावा, आणि दोन तारखा का आहेत ते साध्या भाषेत लिहून द्यावे. पूर्वी कधी पर्यटक व्हिसा काढला असेल तर त्या वेळच्या फॉर्मवरची तारीख त्यांच्या संगणकात आहे, हे विसरू नये.

दुसरी, लग्नात बदललेले नाव. शाळेच्या दाखल्यावर आक्काताई, रेशनकार्डावर सुनंदा, सातबाऱ्यावर आणखी काही. आपल्याला यात वावगे वाटत नाही, पण परक्या अधिकाऱ्याला या तीन बायका दिसतात. विवाहाच्या दाखल्यावर माहेरचे आणि सासरचे अशी दोन्ही नावे पूर्ण असतील तर निम्मे काम होते. राजपत्रात नावबदल प्रसिद्ध केला तरी चालतो, पण तो आजच्या तारखेचा असतो, त्यामुळे जुन्या लग्नपत्रिकेची जोड हवी. पासपोर्टात आडनावाचा रकाना रिकामा असेल तर अमेरिकेच्या व्हिसावर नाव आडनावाच्या जागी जाते आणि नावाच्या जागी 'नाव अज्ञात' अशा अर्थाची तीन इंग्रजी अक्षरे येतात. ती पुढे बँकेपासून दवाखान्यापर्यंत माणसाचा पिच्छा सोडत नाहीत. पासपोर्ट आधी नीट करून घ्यावा.

तिसरी, जिल्ह्याचे नाव. सांगली जिल्हा १९४९ ते १९६० 'दक्षिण सातारा' होता आणि त्याआधी या भागात सांगली, मिरज, जत, औंध अशी संस्थाने होती. म्हणून एकाच माणसाच्या दोन कागदांवर दोन जिल्हे दिसतात. भाषांतर करणाऱ्याने स्वतःच्या शहाणपणाने 'दक्षिण सातारा'चे 'सांगली' करू नये. मूळ आहे ते ठेवावे आणि वेगळ्या चिठ्ठीत खुलासा करावा. इस्लामपूरचे ईश्वरपूर झाल्यामुळे तिथल्या लोकांनाही यापुढे असा खुलासा लागणार. सांगली-मिरज-कुपवाड महापालिका १९९८ ची. त्याआधीच्या जन्माचा अर्ज देताना सांगली की मिरज, हे जुन्या नगरपालिकेच्या नावाने लिहावे, म्हणजे शोध भलत्याच वहीत होणार नाही. खानापूर, आटपाडी, खटाव, माणकडच्या गलाई, म्हणजे सोने-चांदी गाळणाऱ्या, बांधवांची मुले तर देशभर जन्मलेली. त्यांचे दाखले तमिळ, मल्याळम अशा भाषांत निघतात आणि तेही भाषांतरासह लागतात.

भाषांतर सरकारमान्य माणसाचेच हवे, नोटरी केलेलेच हवे, हा समज चुकीचा आहे. भाषांतर पूर्ण आणि अचूक आहे आणि दोन्ही भाषा मला येतात, असे भाषांतरकाराने स्वतःच्या सहीने लिहून द्यायचे, एवढाच नियम. पण शिक्के, मार्जिनमधली टीप, मागची बाजू, सगळे भाषांतरात यायला हवे. लक्ष्मण इंग्रजीत चार तऱ्हांनी लिहिता येतो. पासपोर्टावर जसा आहे तसाच सगळीकडे लिहावा.

विवाहनोंदणीचे त्यामानाने सोपे. महाराष्ट्राच्या १९९८ च्या कायद्याने जुन्या लग्नाचीही आज नोंद होते. दाखल्यावर लग्नाची तारीख आणि नोंदणीची तारीख वेगवेगळ्या दिसतात, त्यात काही बिघडत नाही.

आय-१३० चे शुल्क एप्रिल २०२४ पासून ऑनलाइन ६२५ डॉलर, कागदी अर्जाला ६७५. मंजुरीनंतर फाइल राष्ट्रीय व्हिसा केंद्राकडे जाते. तिथे व्हिसाचे ३२५, आर्थिक हमीपत्राच्या तपासणीचे १२०, आणि व्हिसा मिळाल्यावर कार्डासाठी २३५. वकील, वैद्यकीय तपासणी आणि मुंबईच्या खेपा सोडून हे माणशी १,३०५ डॉलर झाले. आय-८६४ या हमीपत्रात मुलाचे उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के लागते, आणि डोकी मोजताना बोलावलेली माणसेही धरतात. नवरा, बायको, दोन मुले आणि येणारे आई-बाबा म्हणजे सहा जण. २०२५ च्या कोष्टकात त्यांना वर्षाला ५३,९३७ डॉलर. उत्पन्न कमी पडले तर दुसरा हमीदार घेता येतो, पण हे हमीपत्र म्हणजे उपचार नव्हे. ते कोर्टात लावता येणारे बंधन आहे आणि घटस्फोटानेही सुटत नाही. सुनेने सहहमीदार म्हणून सही करण्याआधी हे तिला कुणीतरी सांगायला हवे.

वैद्यकीय तपासणी अमेरिकन वकिलातीने नेमलेल्या डॉक्टरांकडेच होते. तिथे उशीर होतो तो छातीच्या एक्स-रेमुळे. पूर्वी होऊन बरा झालेल्या क्षयाचा डाग दिसला तरी तीन दिवस थुंकीचे नमुने घेऊन कल्चर लावतात आणि त्याला सुमारे दोन महिने जातात. मुलाने विमानाची तिकिटे आधी काढू नयेत, आणि जुन्या उपचाराचे कागद व एक्स-रे सोबत न्यावेत. पोलिसांचा चारित्र्य दाखला आपल्या दोन्ही जिल्ह्यांसाठी पुण्याच्या पासपोर्ट कार्यालयामार्फत निघतो. आखाती देशात वर्षभराहून जास्त राहिलेल्यांना तिथलाही लागतो, आणि तो इथे बसून मिळवणे जिकिरीचे आहे. सुरुवात त्याच्यापासून करावी.

आता एजंटांबद्दल. अमेरिकेत या कायद्याचा सल्ला देण्याचा अधिकार दोघांनाच आहे, तिथल्या कुठल्याही एका राज्याची सनद असलेला वकील आणि न्याय खात्याने मान्यता दिलेला प्रतिनिधी. ते जी-२८ फॉर्मवर सही करून आपले नाव फाइलीवर घेतात. जो सही करायला कचरतो तो यातला कुणीच नाही. तिथल्या पाटीवर 'नोटरी' लिहिलेले पाहून आपली माणसे फसतात, कारण आपल्याकडे नोटरी सहसा वकील असतो. तिथे तो फक्त सहीचा साक्षीदार. वकिलाची सनद त्या राज्याच्या बारच्या संकेतस्थळावर तपासता येते, आणि शिस्तभंगाची कारवाई झालेल्यांची यादी न्याय खाते प्रसिद्ध करते. हे लिहिताना सखाराम गणेश पंडित यांची आठवण होते. १९२३ साली भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात भारतीयांना नागरिकत्व नाकारले गेले, तेव्हा थिंड यांचे वकील पंडित होते. पुढे सरकारने स्वतः पंडितांचे नागरिकत्व काढायला घेतले, आणि तो खटला मात्र ते जिंकले. त्यांच्या नावाला साजेसे काम आजही बरेच वकील करतात. फीचा लेखी करार करतात आणि खात्रीचा शब्द देत नाहीत.

एजंट सर्वांत मोठे नुकसान दोन ठिकाणी करतो. पहिले, अर्जावर स्वतःचा ईमेल टाकतो. व्हिसा केंद्राची पत्रे त्याच्याकडे जातात, आपल्याला काही कळत नाही, आणि सूचना येऊन वर्षभर कुणी हालचाल केली नाही तर नोंदणीच रद्द होऊ शकते. ईमेल आणि पासवर्ड घरच्यांचाच असावा. दुसरे, कागद 'करून' देतो. खोटा दाखला पकडला गेला तर व्हिसा नाकारला जातो, आणि त्याशिवाय त्या व्यक्तीवर चुकीची माहिती दिल्याचा कायमचा ठपका बसतो. त्यातून सूट मागता येते, पण ती अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असलेल्या जोडीदाराच्या किंवा आई-वडिलांच्या हलाखीच्या आधारावर. मुलाच्या आधारावर नाही. सत्तरीतल्या बाईला नागरिक मुलगा असून त्याचा उपयोग होत नाही, आणि तिचे आई-वडील कुठून आणायचे? कोऱ्या रकान्यातल्या निळ्या शाईची किंमत म्हणतो ती ही.

पर्यटक व्हिसावर जाऊन तिथेच कार्डाचा अर्ज करण्याचा सल्लाही सर्रास दिला जातो. रीतसर प्रवेश झालेल्या आई-वडिलांना कायद्यात ती सोय आहे. पण मनात आधीपासून तेच ठरवून, विमानतळावर 'नातवंडांना भेटायला आलो' म्हणणे हे पुन्हा चुकीच्या माहितीतच मोडते. आणि व्हिसावरची दहा वर्षे म्हणजे राहण्याची मुदत नव्हे. मुदत आय-९४ या प्रवेशनोंदीवर असते, बहुधा सहा महिन्यांची. मुदतीनंतर १८० दिवसांहून जास्त राहून परतल्यास तीन वर्षे, एक वर्ष किंवा जास्त राहिल्यास दहा वर्षे प्रवेशबंदी.

कार्ड हातात आल्यावरचे कुणी सांगत नाही, आणि आपल्याकडच्या शेतकरी कुटुंबांना तेच जड जाते. ग्रीन कार्ड राहण्यासाठी आहे. द्राक्षाच्या छाटणीला सप्टेंबर-ऑक्टोबरात यायचे आणि माल उतरल्यावर एप्रिलात परतायचे, असे दरवर्षी केले तर सहा महिन्यांच्या वरच्या प्रत्येक गैरहजेरीबद्दल विमानतळावर विचारणा होते. वर्षभरापेक्षा जास्त राहायचे असेल तर निघण्याआधी, अमेरिकेत असतानाच, पुनःप्रवेशाच्या परवान्याचा अर्ज करावा लागतो. तो साधारण दोन वर्षांचा मिळतो. विमानतळावर आय-४०७ हा फॉर्म पुढे केला तर सही करणे म्हणजे कार्ड स्वखुशीने परत देणे. सही नाकारून 'मला न्यायाधीशापुढे जायचे आहे' असे म्हणण्याचा हक्क आहे. इंग्रजी न येणाऱ्या माणसाला हे एक वाक्य तरी पाठ हवे.

आणि कर. कार्डधारकाला जगभरचे उत्पन्न अमेरिकेत दाखवावे लागते. आपल्याकडे शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही, म्हणून ते तिथेही दाखवायचे नाही असे लोक धरतात. तिथे ती सूट नाही. बेदाण्याचे पैसे, हळदीचे पैसे, सगळे धरायचे. भारतातल्या सर्व खात्यांची बेरीज वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली तर त्यांची वेगळी माहिती द्यायची, आणि त्यात जिल्हा बँक आणि पतसंस्थेतल्या ठेवीही आल्या. पासष्टी ओलांडलेल्यांना सरकारी आरोग्यविमा पैसे भरूनसुद्धा पाच वर्षे सलग राहिल्याशिवाय मिळत नाही. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेचा हिशेब मिरजेतच करून जावा, हे मी चेष्टेने लिहीत नाही.

शेवटी आपल्या दोन्ही जिल्हा परिषदांना, सांगलीच्या महापालिकेला आणि नगरपालिकांना एक विनंती आपल्या पत्रातून पोहोचावी. अनुपलब्धता दाखल्याचा एकच मराठी-इंग्रजी नमुना ठरवून सर्व ग्रामसेवकांना द्यावा. त्यात तपासलेल्या रजिस्टरांची साले, अर्जदाराच्या आई-वडिलांची पूर्ण नावे, निबंधकाचे नाव व हुद्दा आणि गोल शिक्का यांना जागा असावी. संस्थानी काळातल्या वह्या वाळवीने खाण्याआधी स्कॅन कराव्यात. आणि नाव इंग्रजीत टाइप करताना अर्जदाराचा पासपोर्ट समोर ठेवायला सांगावे.

आपला,
एक वाचक
विश्रामबाग, सांगली